पार्श्वभूमी : गॅरेजमधली रायफल आणि 1968 चा कायदा

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी घरी रायफल जुळवायला संघराज्याच्या कायद्यानुसार परवाना लागत नाही. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांचे नियम अधिक कडक आहेत, आणि विकण्यासाठी बनवायची म्हटली की सगळेच बदलते. या छंदाचे मूळ सांगताना अठराव्या शतकातल्या पेनसिल्व्हेनियापर्यंत, तिथल्या जर्मन कारागिरांच्या मेपलचा दस्ता असलेल्या लांब रायफलींपर्यंत मागे जाण्याची प्रथा आहे. नाते खरे असले तरी ते बरेच लांबचे. आजच्या छंदाचा जन्म सैन्याने मोडीत काढलेल्या मालातून झाला.

अमेरिकी सैन्याने 1903 मध्ये जुनी क्रॅग रायफल बाजूला ठेवून स्प्रिंगफील्ड रायफल स्वीकारली. त्याच वर्षी नागरिकांनी नेमबाजी शिकावी म्हणून एक सरकारी मंडळ स्थापन झाले. पहिल्या महायुद्धानंतर या व्यवस्थेतून जुन्या रायफली नेमबाजी संघटनेच्या सदस्यांना स्वस्तात मिळू लागल्या. शिकारीसाठी त्या बोजड होत्या. म्हणून दस्ता पुढून कापायचा, नळीवरचे लाकडी आवरण काढायचे, हौस असेल तर अक्रोडाचा नवा दस्ता बसवायचा. अशा रायफलीला ‘स्पोर्टर’ म्हणत. स्प्रिंगफील्डच्या बाबतीत एक धोका मात्र होता. सुरुवातीच्या सुमारे दहा लाख रायफलींच्या पोलादाला उष्णता देताना कारागीर तापमान रंगावरून, नजरेने ठरवत. लख्ख उन्हाच्या दिवशी तापलेले पोलाद डोळ्यांना फिके वाटे आणि ते जास्त तापवले जाई. त्यातले काही रिसीव्हर (गोळी डागणारी यंत्रणा ज्यात बसते तो रायफलीचा मुख्य धातूचा भाग) पुढे काचेसारखे फुटले. जाणकार छंदी आजही ती त्या सुरुवातीच्या रायफलींपैकी नाही ना हे कळायला आधी तिच्यावर कोरलेला क्रमांक पाहतो आणि मगच रायफल हातात घेतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन माऊझर, जपानी अरिसाका, ब्रिटिश एनफिल्ड यांचा पूर आला. मिसूरीतल्या वॉर्सा नावाच्या लहानशा गावातून अर्धवट कोरलेले दस्ते देशभर टपालाने जात, उरलेले काम घरी पटाशीने करायचे. फिनिशिंगच्या खुब्याही याच काळात घरोघरी पोचल्या. दस्त्याला पोचा आला असेल तर ओले फडके ठेवून वर गरम इस्त्री टेकवायची, वाफेने दबलेले तंतू वर येतात. मग लाकूड मुद्दाम ओले करून वाळवायचे, उठलेली कूस पॉलिश पेपरने घासायची, आणि शेवटी जवसाचे तेल तळहाताने, तळहात गरम होईपर्यंत चोळायचे. एक हात वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. घाई केली की दस्ता कित्येक आठवडे चिकट राहतो.

या स्वस्त मालाचे दुखणे होते न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे ईशान्येकडच्या मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट वगैरे राज्यांतल्या रायफल कारखान्यांना. नव्या रायफलीच्या किमतीच्या अंशात माऊझर मिळत असेल तर त्यांची नवी रायफल घेणार कोण? 1958 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या एका तरुण सिनेटरने परदेशी लष्करी शस्त्रांची आयात बंद करणारे विधेयक मांडले. त्यामागचा हेतू सरळ सरळ आपल्या राज्यातल्या उद्योगाला वाचवण्याचा होता. मंजूर झाली ती त्याची पातळ आवृत्ती: अमेरिकेने मदत म्हणून बाहेर दिलेली शस्त्रे परत आणायची नाहीत, एवढीच. पुढे तोच सिनेटर, जॉन केनेडी, राष्ट्राध्यक्ष झाला आणि 22 नोव्हेंबर 1963 रोजी डॅलसमध्ये मारला गेला. मारेकऱ्याने इटालियन सैन्याची जुनी कारकानो रायफल टोपणनावाने, दुर्बिणीसह 19.95 डॉलर आणि टपालखर्च 1.50 डॉलर देऊन मागवली होती.

त्यानंतर पाच वर्षे चर्चा झाली आणि ऑक्टोबर 1968 मध्ये बंदूक नियंत्रण कायदा (गन कंट्रोल ॲक्ट) झाला. त्याने दुसऱ्या राज्यातून टपालाने शस्त्र मागवणे बंद केले. डॅलसशी थेट संबंध होता तो या तरतुदीचा. तिच्यासोबत लष्करी जुन्या शस्त्रांची आयातही बंद झाली आणि इतर परदेशी शस्त्रांना ‘क्रीडा उपयोगा’ची अट लागली. वाद पेटला तो इथेच. अट फक्त आयातीला होती. तीच, तेवढीच घातक रायफल कनेक्टिकटमध्ये बनली असेल तर तिला कुणी क्रीडेबद्दल विचारत नव्हते. देशात आधीच येऊन पडलेल्या लाखो माऊझरही विकायला मोकळ्या होत्या. सुरक्षेसाठीचा कायदा आणि कारखानदारांचे जुने गाऱ्हाणे एकाच मसुद्यात बसवले गेले, हा आरोप मला तरी पटण्यासारखा वाटतो. शिवाय क्रीडा म्हणजे नेमके काय, हे कायद्याने सांगितलेच नाही, ते ठरवणे अधिकाऱ्यांवर सोडले.

त्याचे परिणाम पुढे दिसले. 1984 मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या, संग्राह्य लष्करी शस्त्रांना पुन्हा वाट मिळाली. 1989 मध्ये त्याच दोन शब्दांच्या आधारे 43 प्रकारच्या रायफलींची आयात रोखली गेली. 1990 च्या दुरुस्तीने ती अट थेट घरच्या टेबलावर आणली: आयातीला बंदी असलेली रायफल परदेशी भागांतून इथे जुळवायची नाही. नंतरच्या नियमात 20 भागांची यादी आली आणि त्यातले परदेशी भाग 10 पेक्षा जास्त नकोत असे ठरले. तेव्हापासून छंदी लोक चाप, दस्ता, मूठ असे मोजत बसतात. एक भाग अमेरिकी बनावटीचा बदलला की तीच रायफल कायदेशीर होते.

आयात पुन्हा खुली झाल्यावर आलेल्या मालात कोलकात्याजवळच्या इशापूर कारखान्याच्या एनफिल्डही होत्या. दस्ता फुटू नये म्हणून त्यांच्या पुढच्या लाकडातून आडवा स्क्रू घातलेला असतो, त्यावरून त्या लगेच ओळखू येतात. आपल्याकडे मात्र 1959 च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बनवणे गुन्हा आहे, त्यामुळे या छंदाला भारतात जागाच नाही.

दरम्यान बाजारही उलटला. कापलेल्या स्पोर्टरला आता फारशी किंमत येत नाही, अस्पर्श लष्करी रायफलीला येते. आजोबांनी करवतीने कापलेला दस्ता आज नातू शोधून, जास्त पैसे मोजून पुन्हा बसवतो.

अलीकडचा वाद तयार किटवरून, म्हणजे थोडे भोक पाडले, थोडे घासले की शस्त्र तयार होईल अशा सुट्या भागांच्या संचावरून आहे. 2022 च्या नियमाने असे काही संच शस्त्रातच धरले. विक्रेत्याला परवाना, भागावर क्रमांक आणि ग्राहकाची चौकशी आवश्यक झाली. मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी तो नियम सरसकट रद्द करायला नकार दिला. कोणता संच कितपत अर्धवट असला म्हणजे सुटतो, याची प्रत्येक वेळची भांडणे पुढच्या खटल्यांसाठी शिल्लक आहेत.