'शुड' म्हणजे नुसतं 'पाहिजे' नव्हे!

"यू शुड गेट द पेमेंट बाय फ्रायडे" असा परदेशी क्लायंटचा मेल आला की आपल्याकडे दोन गट पडतात, एकाला वाटतं पक्कं वचन मिळालं, दुसऱ्याला वाटतं हा आपल्याला हुकूम सोडतोय. दोघांचंही चुकतंय, पण दोष शाळेचा आहे, कारण मोडल ऑक्झिलरी (म्हणजे शुड, मस्ट, मे असली सहाय्यक क्रियापदं) शिकवताना 'शुड' म्हणजे कर्तव्य आणि सल्ला एवढंच घोकून घेतलं. इथला 'शुड' अपेक्षेचा आहे, सगळं नेहमीसारखं पार पडलं तर शुक्रवारपर्यंत पैसे येतील, एवढंच.

आता खरी गंमत. गीझर लावून वीस मिनिटं झाली, तुम्ही म्हणता "द वॉटर शुड बी हॉट". उलट, बाथरूममधून वाफ येताना दिसली तर म्हणाल "द वॉटर मस्ट बी हॉट". पहिल्यात कारण माहितीये आणि त्यावरून परिणामाचा अंदाज बांधलाय, दुसऱ्यात परिणाम दिसतोय आणि त्यावरून मागे जायचंय. वाफ बघून 'शुड' म्हटलं तर इंग्रज माणसाच्या कानाला खटकतं. आणि नळाखाली हात धरला, पाणी गारच, तर "इट शुड बी हॉट, बट इट इजन्ट" बिनधास्त चालतं (लाईट गेली असेल). तिथे 'मस्ट' घातला की वाक्य स्वतःलाच खोटं पाडतं.

असं का? अँगेलिका क्रात्झर या जर्मन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९७७ आणि १९८१ च्या लेखांत याची जी मांडणी केली ती मला भयंकर आवडते. समजा जग कसकसं असू शकतं याचे सगळे पर्याय समोर मांडले. हातातल्या माहितीशी जुळत नाहीत ते बाद. उरलेल्यांची एखाद्या निकषावर क्रमवारी लावायची आणि फक्त वरचे बघायचे. निकष 'नेहमीसारखं' असला तर अपेक्षेचा 'शुड', निकष 'नियमाप्रमाणे, आदर्श' असला तर कर्तव्याचा 'शुड', म्हणजे शब्द एकच, यंत्र एकच, फक्त चाळणी बदलली. आणि आपलं खरं जग त्या वरच्या पर्यायांत असेलच अशी हमी कुणीच दिलेली नाही, म्हणून पाणी गार निघालं तरी 'शुड' खोटा ठरत नाही. पुराव्यावरून काढलेल्या 'मस्ट'ला ही सूट नाही, बाद न झालेल्या सगळ्याच पर्यायांत पाणी गरम असावं लागतं. (डोकं गरगरलं असेल तर हा परिच्छेद सोडा, पुढे अडत नाही.)

'विल' अजून ठाम. बेल वाजली की ब्रिटिश माणूस दार न उघडताच म्हणतो, "दॅट विल बी द पोस्टमन". 'मे' मात्र अगदी बुळबुळीत, घडलं तरी बरोबर, नाही घडलं तरी बरोबर, राशिभविष्यवाल्यांचं दुकान यावरच चालतं. आणि 'सात दिवसांत फाडफाड इंग्रजी'वाले रील्स यातलं काहीच सांगत नाहीत, एक तक्ता देतात आणि सबस्क्राईब करा म्हणतात.

कर्तव्याच्या 'शुड'लाही पळवाट असते बरं का. इंटरनेटचे तांत्रिक नियम लिहिणाऱ्यांसाठी १९९७ साली आरएफसी २११९ नावाचा कागद निघाला, त्यात 'मस्ट' म्हणजे सक्ती, सूट नाही, आणि 'शुड' म्हणजे सबळ कारण असेल तर मोडा, पण परिणामांचा नीट विचार करून.