खनिजनामांतील स्थलनामे : लेखनभेद आणि वाद

खनिज जिथे प्रथम सापडले त्या गावाच्या, खाणीच्या, डोंगराच्या किंवा नदीच्या नावाला ‘-आइट’ प्रत्यय जोडून खनिजाला नाव देण्याची प्रथा अठराव्या शतकाच्या अखेरीपासून रूढ आहे. मूळ स्थलनाम कसे लिहावे याविषयी एकमत नसले, किंवा नामकरणानंतर गावाचेच नाव बदलले, की एका खनिजाच्या नावाची दोन-तीन रूपे छापली जाऊ लागतात. वाद बहुधा एकाच प्रश्नावर येऊन थांबतो : नाव गावाशी इमान राखणारे असावे की आधी छापलेल्या ग्रंथांशी? प्रत्यक्षात बहुतेक वेळा ग्रंथांची सरशी झालेली दिसते.

जुन्या काळी निम्मा घोळ ऐकीव नावांचा असे. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधील मनॅकन गावाजवळच्या ओढ्यातील काळ्या वाळूचे वर्णन विल्यम ग्रेगरने १७९१ मध्ये केले. टायटॅनियम या मूलद्रव्याच्या शोधाची सुरुवात इथूनच झाली. त्या वाळूला मिळालेले नाव मात्र कधी ‘मेनॅकनाइट’, कधी ‘मॅनॅकनाइट’ असे लिहिले गेले. रोमन लिपीत पहिला स्वर ‘ए’ की ‘ई’, मध्ये दोन ‘सी’ की ‘सीएच’, याचा निकाल कधीच लागला नाही. तो लावण्याची गरजही पुढे उरली नाही, कारण उरल प्रदेशातील इल्मेन डोंगरांवरून आलेले ‘इल्मेनाइट’ हे नाव रूढ झाले. ग्लासगोचे रसायनज्ञ टॉमस टॉमसन यांनी उत्तर इंग्लंडमधील ऑल्स्टन मूर भागातील एका कार्बोनेटाला ‘ब्रॉमलाइट’ म्हटले. त्यांनी जागेचे नाव ब्रॉमली हिल असे दिले होते, पण खाण होती ब्राउनली हिल. जर्मन खनिजशास्त्रज्ञ ब्राइटहाउप्टने त्याच खनिजाला दिलेले ‘ऑल्स्टनाइट’ हे नाव अखेर टिकले.

अरॅगोनाइटच्या नावात जुन्या ग्रंथांत ‘आर’ दोनदा येतो. जर्मन खनिजशास्त्रज्ञ व्हेर्नरने हे नाव स्पेनमधील मोलिना दे आरागॉन या गावावरून दिले. आज ते गाव आरागॉन प्रांतात नाही, ग्वादालाहारा प्रांतात आहे. तरीही अनेक पुस्तके खनिजाचे मूळ आरागॉन प्रदेशात शोधतात. अँडालुसाइटची कथा याहून विचित्र आहे. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ दलामेथेरीने १७९८ मध्ये नाव दिले अंदालुसियाचे, पण नमुना होता एल कार्दोसो या ठिकाणचा, म्हणजे पुन्हा ग्वादालाहाराचाच. इथे अक्षर चुकलेले नाही, गावच चुकले आहे. अशी चूक उघड झाली तरी नाव बदलत नाहीत. ते शहाणपणाचेच आहे, कारण दोनशे वर्षांचे संदर्भ एका भौगोलिक दुरुस्तीसाठी उलटेपालटे करण्यात फारसा अर्थ नाही.

बॉक्साइटमध्ये मात्र दुरुस्ती झाली आणि ती टिकली. दक्षिण फ्रान्समधील ले बो गावाजवळच्या तांबूस मातीचे पृथक्करण बेर्तिए यांनी १८२१ मध्ये प्रसिद्ध केले. द्युफ्रेनुआ यांनी दिलेल्या नावात एक जादा ‘ई’ होता. १८६१ मध्ये आंरी सँत-क्लेर दव्हिल यांनी तो काढून गावाच्या नावाप्रमाणे लेखन केले. धातुउद्योगाचा मोठा विस्तार त्यानंतर झाला म्हणूनच हा बदल सहज पचला असावा. (काटेकोरपणे पाहता बॉक्साइट हे खनिज नाही. तो अनेक खनिजांचा मिळून बनलेला खडक आहे.)

सर्वांत गुंतागुंतीची उदाहरणे मध्य युरोपातील आहेत. तेथील खाणगावांना जर्मन, हंगेरियन आणि स्लाव्ह वा रोमानियन अशी दोन-तीन नावे असत, आणि कोणते नाव ‘खरे’ हे राजवटीवर ठरे. स्लोव्हाकियातील श्पानिया डोलिना या गावाला जर्मनमध्ये हेरेनग्रुंड आणि हंगेरियनमध्ये ऊर्वल्ज म्हणत. १८७९ मध्ये तेथील एकाच हिरव्या तांबेयुक्त सल्फेटाला ऑस्ट्रियाच्या ब्रेझिनाने ‘हेरेनग्रुंडाइट’ आणि हंगेरीच्या साबोने ‘ऊर्वल्जाइट’ म्हटले. भांडण मिटले ते तिसऱ्याच दिशेने. हे खनिज १८६४ मध्येच ‘डेव्हिलीन’ या नावाने नोंदले गेलेले निघाले आणि दोन्ही स्थलनामे बाद झाली. डेव्हिलीन हे नाव ज्यांच्यावरून आले ते रसायनज्ञ म्हणजे वर आलेले सँत-क्लेर दव्हिलच.

राज्ये बदलली तरी खनिजनामे बहुधा बदलली नाहीत. नाज्यागाइट हे नाव हंगेरियन नाज्याग गावाचे. ते गाव आज रोमानियात सकरम्ब नावाने आहे. सोमोल्नोकाइटचे सोमोल्नोक आता स्लोव्हाकियातील स्मोलनीक आहे, तर लिबेथेनाइटचे लिबेथेन आहे ल्युबिएतोव्हा. कॅनडातील बायटाउन १८५५ मध्ये ओटावा झाले, पण बायटाउनाइट हे नाव तसेच राहिले. फेल्शोबान्याइटमध्ये प्रश्न आणखी बारीक आहे. हंगेरियन ‘ओ’वर दोन तिरप्या रेघा लागतात. जर्मन छापखान्यांकडे तो खिळा नसल्याने दोन टिंबे आली आणि इंग्रजी पुस्तकांत तीही गळाली. आज मान्य रूपात दोन रेघा परतल्या आहेत.

चेक भाषेतील कुत्ना होरा गावावरून आलेल्या मँगनीज-कॅल्शियम कार्बोनेटाचा वाद व्याकरणाचा आहे. गावाचे नाव जसेच्या तसे घेतले तर ‘कुत्नाहोराइट’ होते. चेक भाषेत गावाचे विशेषण करताना मधला ‘आ’ जाऊन ‘ओ’ येतो, म्हणून ‘कुत्नोहोराइट’. इंग्रजी ग्रंथांत पहिले रूप बराच काळ चालले, मान्य यादीत दुसरे आहे. इथे गावापेक्षा गावकऱ्यांच्या भाषेला मान मिळाला, आणि तो योग्यच म्हणायला हवा.

चिनी नावांत लिप्यंतराच्या पद्धतीच बदलत गेल्या. केओलिनाइटचे मूळ जिंगदेजेनजवळचे गाओलिंग. युरोपात हा शब्द अठराव्या शतकात फ्रेंच पाद्र्यांच्या पत्रांतून ‘क’ने सुरू होऊन आला, तो तसाच राहिला. हूनान प्रांतातील शियांगहुआलाइटचे वर्णन १९५८ मध्ये जुन्या वेड-जाइल्स पद्धतीच्या लेखनाने प्रसिद्ध झाले. चीनने पिनयिन ही नवी रोमन लेखनपद्धती स्वीकारली तीही त्याच वर्षी. त्यामुळे नकाशात गावाचे नाव ‘एक्स’ने सुरू होते आणि खनिजाचे ‘एचएस’ने. तैवानमधील बेइतोऊच्या उष्ण झऱ्यांतील शिसेयुक्त बॅराइट जपानी अमलात सापडले. गावाच्या त्याच चित्राक्षरांचा जपानी उच्चार ‘होकुतो’ म्हणून ते ‘होकुतोलाइट’ झाले. मध्य आशियातील त्यूया-मुयून या ठिकाणावरून आलेल्या युरेनियम खनिजाचे नाव तर चालता चालता ‘मुयून’मधला ‘यू’ गाळून ‘त्यूयामुनाइट’ असेच स्थिरावले.

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी लेखनाचा नमुना म्हणजे ‘पूनाहलाइट’. इंग्रज खनिजशास्त्रज्ञ ब्रुकने १८३१ मध्ये पुण्याच्या एका झिओलाइट गटातील खनिजाला हे नाव दिले. शेवटचा ‘एच’ तेव्हाच्या इंग्रजी लेखनातला, ‘एल’ उच्चाराच्या सोयीसाठी घातलेला असावा. पुढे हे खनिज मेसोलाइटच असल्याचे ठरून नाव बाद झाले, त्यामुळे ‘पुणे’ असे शुद्ध करण्याचा प्रश्नच मिटला.

आंतरराष्ट्रीय खनिजवैज्ञानिक संघटना १९५८ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी तिचा नामकरण आयोग. २००६ मध्ये वर्गीकरण आयोग त्यात विलीन झाला. आयोगाचा नियम असा की स्थलनाम त्या ठिकाणी प्रचलित असेल तसेच लिहावे, भाषांतरातून घेऊ नये. लॅटिनेतर लिपीतील नावाचे लिप्यंतर करावे. २००८ मध्ये प्रत्यय, जोडरेघा आणि उच्चारचिन्हे यांची एकत्रित साफसफाई झाली. नियम नव्या नावांना काटेकोरपणे लागू होतो, जुन्या नावांना सवलत मिळते. पर्झिब्रम या चेक खाणशहरावरून पूर्वी कॅडमियमयुक्त स्फॅलेराइट या जस्ताच्या खनिजाला आणि गोथाइट या लोहाच्या खनिजालाही जर्मन धाटणीच्या लेखनाचे नाव होते. आता ती दोन्ही बाद आहेत. त्याच शहरावरून तांबे-अँटिमनी सेलेनाइडाला मिळालेले नवे नाव मात्र चेक चिन्हांसह मान्य झाले आहे.

मराठीत या साऱ्यावर आणखी एक थर चढतो. रोमन लिपीतील रेघा आणि टिंबे देवनागरीत येतच नाहीत, उच्चार मात्र इंग्रजीतून घ्यायचा की मूळ भाषेतून हे लेखकागणिक बदलते : अरॅगोनाइट, ॲरॅगोनाइट, आरागोनाइट. शिवाय कोशांतील ‘बॉक्साइट’ वृत्तपत्रांत ‘बॉक्साईट’ होते. जुने मराठी संदर्भ शोधणाऱ्याने ही सर्व रूपे तपासावीत.