बारक्या शिंगांचा नर सोडायचा की टिपायचा? एका अमेरिकी वादामागची शंभर वर्षं

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात शिकाऱ्याला वर्षाकाठी हरणाचा शिंगवाला नर एकच मारता येतो. सगळा वाद या एका टॅगभोवती, म्हणजे मारलेल्या जनावराला बांधायच्या परवान्याच्या चिठ्ठीभोवती, फिरतो. नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा सण आटोपला की शनिवारी उजाडताच बंदुकीचा हंगाम सुरू होतो. केशरी जाकीट घालून मचाणावर कुडकुडत बसलेल्या माणसासमोर पहिल्याच तासात दीड वर्षाचा नर येतो. अंगाने भरलेला, पण शिंगं तोकडी. चाप ओढला तर फ्रीझर भरेल, आणि नराच्या शिकारीपुरतं हे वर्ष तिथेच संपेल. सोडून दिला तर पुढच्या वर्षी तोच डौलदार होऊन समोर येईल; नाहीतर तासाभरात शेजाऱ्याच्या रानातून बार ऐकू येईल.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच मिटला, त्यामुळे हे सगळं परकं वाटतं. आधी शिंगांचा घोळ दूर करू. मराठीत ‘हरीण’ म्हटलं की काळवीटही आलं आणि चितळही. पण काळविटाची शिंगं जन्मभराची असतात, तर चितळ-सांबराची गळून पडतात आणि पुन्हा उगवतात. अमेरिकेतलं पांढऱ्या शेपटीचं हरीण या दुसऱ्या घरातलं. हिवाळ्यात त्याची शिंगं गळतात, वसंतात मखमली कातडीखाली नवी फुटतात आणि सप्टेंबरात ती मखमल झाडांवर घासून निघते. शिंगं किती भरतील हे वय, चारा आणि रक्त या तिन्हींवर ठरतं. दीड वर्षाच्या एका नराला नुसते दोन सुळे असतात (त्याला तिथे ‘स्पाइक’ म्हणतात), तर मक्याची शेती होते त्या पट्ट्यातल्या त्याच वयाच्या दुसऱ्याला आठ फाटे असू शकतात. पूर्ण बहर येतो पाचव्या ते सातव्या वर्षी. बहुतेक नर तिथवर पोचतच नाहीत.

मुळात हा प्रश्न शिंगांचा नव्हता, माद्यांचा होता.

१९०० च्या सुमारास अमेरिकेत ही हरणं जेमतेम तीन ते पाच लाख उरली होती. जंगलं तोडली गेली होती आणि बाजारात मांस-कातडं विकण्यासाठी बेसुमार शिकार झाली होती. त्याच वर्षी लेसी कायदा आला आणि बेकायदा मारलेलं जनावर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकायला नेणं हा केंद्राच्या कायद्याखाली गुन्हा ठरला. पेनसिल्व्हेनियात तर हरीण दिसणं हीच बातमी होती. १८९५ मध्ये तिथे शिकार नियंत्रणासाठी गेम कमिशन स्थापन झालं, बाहेरच्या राज्यांतून हरणं आणून सोडली गेली आणि १९०७ मध्ये कायदा झाला: मारायचा तो फक्त नर. हिशोब सरळ होता. एक नर अनेक माद्यांना पुरतो, तेव्हा माद्या राखल्या की कळप वाढणारच.

कळप वाढला, आणि थांबायचं नाव घेईना. तोवर कायद्याचं व्रत झालं होतं. आजोबांनी नातवाला शिकवलं की मादीवर बंदूक रोखणं शोभत नाही. टंचाईच्या काळातला हा शहाणपणा हरणं उदंड झाल्यावरही सुटेना. विस्कॉन्सिन राज्यात वन्यजीवांचे अभ्यासक अल्डो लिओपोल्ड हे १९४३ साली हेच सांगत होते, की कळप जंगल खाऊन टाकतोय, माद्याही कमी करा. त्या वर्षी तिथे माद्यांची शिकार खुली झाली आणि शिकाऱ्यांनी त्याला गुन्हाच ठरवून लिओपोल्ड यांच्यावर झोड उठवली.

पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलेघनीच्या जंगलात याचा परिणाम नुसत्या डोळ्यांनी दिसायचा. हरणाचं तोंड पोचेल त्या उंचीपर्यंत झाडांना पान नाही, जणू कुणी दोरी लावून कापलंय. ओकची रोपं गायब आणि जमिनीवर नुसता नेचा, कारण नेचा हरणं खात नाहीत. वर मोठी झाडं उभी, म्हणून लांबून जंगल छान दिसायचं. त्यांच्यामागे येणारी पिढीच नव्हती.

नरांची कथा उलटी. विसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे मारल्या जाणाऱ्या शिंगवाल्या नरांपैकी सुमारे ८० टक्के दीड वर्षाचे असत. पहिली शिंगं फुटली की त्याच हंगामात गोळी. माद्या भरपूर, प्रौढ नर नावाला.

यावरचा दुसरा विचार टेक्सासमधून आला. दक्षिण टेक्सासातली रँच, म्हणजे गुरं पाळायची खाजगी जमीन, हजारो एकरांची असते, त्यामुळे ‘माझी हरणं’ हा शब्दप्रयोग तिथे थोडाफार खरा ठरतो. अल ब्रदर्स आणि मर्फी रे या दोन जीवशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये पुस्तक लिहून मांडलं की तरणे नर सोडा, माद्या पुरेशा मारा आणि कळप चाऱ्याच्या मापात ठेवा. १९८८ मध्ये जो हॅमिल्टन यांनी साउथ कॅरोलायनात याच विचाराची संघटना काढली. आज ती नॅशनल डिअर असोसिएशनचा भाग आहे. या मांडणीत माद्या मारणं हा अर्धा भाग होता. पुष्कळ शिकाऱ्यांनी सोयीचं तेवढं उचललं: छोटा नर सोडायचा, म्हणजे पुढे मोठी शिंगं मिळतील. माझ्या मते घोळ इथेच झाला.

पेनसिल्व्हेनियाने मात्र दोन्ही भाग एकदम घेतले. गॅरी ऑल्ट हे तिथले अस्वलांचे लोकप्रिय तज्ज्ञ. १९९९ मध्ये त्यांच्याकडे हरणांचा विभाग आला आणि ते गावोगाव सभा घेत फिरले. आधी माद्यांची शिकार वाढवली. मग २००२ पासून नियम आला की बहुतेक राज्यात एका बाजूच्या शिंगाला किमान तीन फाटे हवेत आणि पश्चिमेकडच्या भागात चार. लहान मुलांना सूट होती. राज्य पेटलं. ज्या माणसाच्या अस्वलांच्या गोष्टी ऐकायला लोक सहकुटुंब यायचे, त्यालाच धमक्या येऊ लागल्या. २००४ च्या अखेरीस ऑल्ट यांनी नोकरी सोडली. लोकांचा राग फाट्यांवर कमी आणि माद्यांवर जास्त होता. ‘रानात पूर्वी तीस हरणं दिसायची, आता तीन दिसत नाहीत,’ ही तक्रार आजही ऐकू येते.

नियम पाळणंही सोपं नव्हतं. झुडपाआड उभ्या नराचे फाटे दुर्बिणीतून मोजायचे, त्यातला कपाळालगतचा पहिला फाटा कानाआड दडलेला, इंचभर असला तर धरायचा, नसला तर नाही. एवढ्यात जनावर पसार. शेवटी २०११ मध्ये पश्चिमेकडे कपाळालगतचा फाटा सोडून वरचे तीन मोजायचे, असं ठरलं. टेक्सासने वेगळी युक्ती केली. २००२ मध्ये सहा काउंट्यांत (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) फाट्यांऐवजी दोन शिंगांमधलं अंतर धरलं, किमान १३ इंच. सावध हरणाच्या कानांच्या टोकांमधलं अंतर साधारण तेवढंच असतं, तेव्हा शिंगं कानांच्या बाहेर दिसली की झालं. स्पाइक मारायला मात्र तिथे मुभा होती.

वयाच्या बाबतीत पेनसिल्व्हेनियाचा नियम लागू पडला. आता तिथे मारल्या जाणाऱ्या नरांत अडीच वर्षं आणि त्यावरचेच जास्त असतात. पण मिसिसिपीचा अनुभव विचित्र आहे. १९९५ मध्ये तिथे दोन्ही शिंगं मिळून किमान चार फाट्यांचा नियम आला. सुपीक जमिनीच्या भागात चांगल्या वाढीच्या पोरांना दीड वर्षातच चार फाटे फुटायचे आणि ती मारली जायची. खुरटी मागे राहायची. काही वर्षांनी संशोधकांना दिसलं की मोठ्या वयाच्या नरांची सरासरी शिंगं उलट लहान झाली आहेत. नंतर त्यांनीही फाटे सोडून शिंगांची रुंदी आणि लांबी धरली.

स्वखुशीने नर सोडणाऱ्याची अडचण वेगळीच. दीड वर्षाच्या सुमाराला बरेच नर जन्मठिकाण सोडून काही मैल लांब निघून जातात. पन्नास एकरवाल्याने सोडलेला नर त्याचा राहतच नाही. म्हणून काही ठिकाणी शेजारचे जमीनमालक मिळून हजारो एकरांवर एकच नियम पाळतात. आणि ज्याला मांसच हवंय, तो म्हणतो की शिंगं काही शिजत नाहीत. त्याच्या बोलण्यात दम आहे. वर्षातून तीन दिवस सुट्टी मिळणाऱ्या कामगाराने रँचवाल्याचा धीर का धरावा?

अलीकडे या वादात हरणांचा एक रोगही शिरला आहे, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. मेंदू पोखरणारा, उपचार नसलेला. त्याची लागण प्रौढ नरांत जास्त आढळते आणि तरणे नर लांब भटकताना तो सोबत नेऊ शकतात. म्हणजे ज्यांना जपायचं ठरवलं तेच वाहक. मिसूरीने २०१२ मध्ये बाधित भागांतून फाट्यांची अट उठवली, पुढे अर्कान्सासनेही तेच केलं. पेनसिल्व्हेनियाच्या बाधित भागांत आता रस्त्याकडेला पत्र्याच्या पेट्या ठेवलेल्या असतात. शिकारी शिंगं कापून घरी नेतो आणि कानाला टॅग बांधलेलं उरलेलं डोकं पिशवीत घालून तपासणीसाठी त्या पेटीत टाकतो.