मेकॅनिकल आणि ‘मेकॅनिकल फील’: खोक्यावर एक, आत भलतंच

खोक्यावर ‘मेकॅनिकल फील’ असं लिहिलेला कीबोर्ड मेकॅनिकल नसतो. ‘सेमी-मेकॅनिकल’ नाही, ‘मेका-मेम्ब्रेन’ नाही, ‘मेकॅनिकलसारखाच’ तर अजिबात नाही. तो मेम्ब्रेन कीबोर्ड असतो, उंच बटणांचा आणि रंगीत दिव्यांचा. दरवर्षी पुण्यात इंजिनिअरिंगची नवी बॅच रूमवर राहायला येते, हिंजवडीत कुणाकुणाचा पहिला पगार होतो, आणि तेच ऐकू येतं: “हजारात मेकॅनिकल मिळाला!” नाही रे बाबा, नाही मिळालेला.

साधा मेम्ब्रेन कीबोर्ड तुमच्या ओळखीचा आहे. कॉलेजची लॅब, बँक, सायबर कॅफे, सगळीकडे तोच. बटणाखाली रबराची टोपी, टोपीखाली प्लॅस्टिकचे पातळ थर. टोपी दबली की वरच्या थरावरची रेघ खालच्या रेघेला टेकते आणि अक्षर उमटतं. पुढे जाऊ.

मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाला स्वतःचा स्वतंत्र स्विच असतो. प्लॅस्टिकची छोटी डबी, आत स्प्रिंग, धातूच्या दोन पट्ट्या आणि वर-खाली सरकणारी एक दांडी. इथपर्यंत सगळ्यांना कळतं. गाडी अडते ती यापुढे, कारण फरक विचारला की दहापैकी नऊ जण आवाजाबद्दल बोलायला लागतात. खरा फरक आहे तो बटण किती खाली गेल्यावर अक्षर उमटतं, याचा.

चेरी या जर्मन कंपनीचा एमएक्स रेड स्विच घ्या. बटण एकूण ४ मिलिमीटर खाली जातं आणि अक्षर २ मिलिमीटरवरच लागतं. ब्लू स्विचमध्ये २.२ मिलिमीटरवर. म्हणजे निम्म्या वाटेवर काम झालेलं असतं, उरलेलं अंतर बोटाला सोडून द्यायला मोकळं. मेम्ब्रेनमध्ये रबराची टोपी पूर्ण कोसळल्याशिवाय रेघा टेकतच नाहीत, त्यामुळे अक्षर जवळजवळ तळाशी लागतं. प्रत्येक अक्षराला बोट जमिनीवर आपटायचं. टाइपरायटरवर क्लास केलेल्यांना हे पटकन समजेल, तिथेही दांडी कागदावर आदळेपर्यंत बटण हाणावंच लागायचं. मेकॅनिकलवर ती हाणामारी संपते, पण पहिल्या दिवशी नाही. सुरुवातीला तुम्ही त्यालाही तळापर्यंतच बडवणार आणि म्हणणार, “यात विशेष काय?” हात हलका व्हायला वेळ लागतो.

आता ‘फील’वाले काय करतात? बटणं उंच ठेवतात. रबर जरा कडक घेतात. काही जण टक् असा आवाज यावा म्हणून धातूचा तुकडाही बसवतात. गेमिंगचं सामान बनवणाऱ्या रेझर कंपनीने २०१६ मध्ये ऑर्नाटा हा कीबोर्ड काढला, तो याच जातीचा, आणि कंपनीने त्याला उघडपणे मेका-मेम्ब्रेन म्हटलं. म्हणजे उंची उचलली, आवाज उचलला, आणि अक्षर लागतं ते तळाशी रबर कोसळल्यावरच. ज्यासाठी पैसे मोजायचे तेवढंच नेमकं गाळलं. कंपनीच्या नावावर जाऊ नका, कारण एकच कंपनी दोन्ही विकते: रेडरॅगनचा के-५५२ मेकॅनिकल आहे आणि त्यांचाच एस-१०१ मेम्ब्रेन. लांबून दोघेही सारखेच लखलखतात.

ओळखायचं कसं? कीबोर्ड जोडलेला असेल तर नोटपॅड उघडा आणि एखादं बटण अगदी सावकाश, मुंगीच्या पावलांनी दाबत जा. बोट खाली जायला अजून जागा आहे आणि पडद्यावर अक्षर आलं, तर मेकॅनिकल. तळाशी दणका बसेपर्यंत पडदा कोराच राहिला, तर रबर.

जोडता येत नसेल तर एक कीकॅप, म्हणजे बटणाचं वरचं प्लॅस्टिक, उपटा. पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, दुकानदाराला सरळ विचारा, “काका, एक बटण काढून बघू का?” “अहो, सेम टू सेम मेकॅनिकलच आहे,” असं उत्तर आलं तरी बटण काढायला लावा. इथे एक सापळा आहे. आत अधिकच्या चिन्हासारखी दांडी दिसली की लोक खूश होतात. पण तशी दांडी रबरवाल्यांनाही असते. बघायचं ते दांडीच्या भोवती. स्विच असेल तर दांडीभोवती वेगळी चौकोनी डबी दिसते, तिच्या वरच्या-खालच्या भागातली सांध्याची फट दिसते, आणि ती डबी पट्टीत खटकन बसवलेली असते. रबरवाल्यात दांडी कीबोर्डच्याच अखंड प्लॅस्टिकमधल्या नळीतून वर आलेली असते. डबी नाही म्हणजे स्विच नाही.

(कुणी जाणकार म्हणेल की आयबीएमच्या १९८५ च्या मॉडेल एममध्येही खाली मेम्ब्रेनच होतं आणि तोप्रे या जपानी कंपनीचे महागडे कीबोर्ड रबराच्या टोप्यांवरच चालतात. खरं आहे. पण ते दोन्ही तुम्हाला दोन-तीन हजारांत मिळणार नाहीत, तेव्हा तो वाद नंतर.)

किंमतही पुष्कळ सांगून जाते. मेम्ब्रेनमध्ये सगळ्या बटणांना मिळून एकच चादर पुरते. मेकॅनिकलमध्ये १०४ बटणं म्हणजे १०४ स्विच. म्हणून नमपॅडसकट (उजवीकडचा आकड्यांचा गठ्ठा), दिव्यांसकट, वर माऊस फुकट, आणि हजार-बाराशेत ‘मेकॅनिकल’ असं कुणी म्हणालं की खिसा सांभाळा. याच हिशोबाने, बजेट बेताचंच असेल तर बटणं कमी केलेली बरी, वाचलेला पैसा स्विच आणि बांधणीत जातो. माझं मत ८७ बटणांच्या बाजूने: नमपॅड जातो, बाण आणि एफवाली रांग राहते. ६१ बटणांचे कीबोर्ड टेबलावर गोंडस दिसतात, पण कोड लिहिणाऱ्याने दर वेळी बाणासाठी दोन बटणं दाबायची ही शिक्षा कशाला? सीएच्या आर्टिकलशिपमध्ये दिवसभर टॅलीत आकडे भरणाऱ्यांनी मात्र नमपॅड सोडू नये.

आता आवाज. ब्लू स्विच मुद्दाम आवाज करतो, आत त्यासाठी वेगळा सुटा भाग असतो. त्या आवाजाचा अक्षर लागण्याशी संबंध नाही. रेड स्विच एकदम गुळगुळीत खाली जातो. ब्राऊनमध्ये वाटेत बोटाला हलकासा अडथळा लागतो, टक् आवाज नाही. तिन्ही तितकेच मेकॅनिकल. स्वस्तात बहुतेकदा ब्लूच समोर येतो, कारण दुकानात दोन बटणं दाबून दाखवली की गिऱ्हाईक त्या आवाजावर भाळतं. रात्री दीड वाजता, शेजारच्या कॉटवर एमपीएससीवाला झोपलेला असताना तोच आवाज कसा वाटतो, हे दुकानात कळत नाही. एकटे राहत असाल तरच ब्लू.

रंगांची ही भाषा चेरीची. एमएक्सचं पेटंट संपल्यावर गेटेरॉन, केल, ओटेमू या चिनी कंपन्यांनी त्याच घडणीचे स्विच काढले आणि मुख्य रंगही तेच ठेवले. म्हणून तर मेकॅनिकल आपल्या आवाक्यात आला. पण या तीन रंगांच्या पलीकडे रंगावर विसंबू नका. गेटेरॉनचा यलो गुळगुळीत, केलचा बॉक्स व्हाइट आवाज करणारा.

मराठी टाइप करत असाल तर माझा कौल ब्राऊनला. इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड-मांडणीत पाय मोडायचं बटण म्हणजे इंग्रजी डी, डाव्या मधल्या बोटाच्या बरोबर खाली. हलक्या रेडवर बोट जरा विसावलं की नको तिथे अक्षराचा पाय मोडतो. ब्राऊनचा तेवढासा अडथळा पुरतो. शिवाय ख, घ, थ, ध, ळ हे सगळे शिफ्ट दाबून आणि उजव्या हाताने, त्यामुळे डावी शिफ्ट दिवसभर राबते. स्वस्त कीबोर्डात मोठी बटणं खुळखुळतात. घेताना डावी शिफ्ट आणि स्पेसबार कडेकडेने दाबून बघा.

दुसरा छोटा घोळ: कीकॅप निघतात म्हणजे हॉट-स्वॅप नव्हे. कीकॅप सगळ्यांचेच निघतात. हॉट-स्वॅप म्हणजे अख्खा स्विच सोल्डरिंग न करता उपटून दुसरा बसवता येणं. दोनतीनशे जास्त पडले तरी मी तेच घ्यायला सांगेन, एखादं बटण बिघडलं तर एका स्विचवर भागतं. फक्त काही स्वस्त कीबोर्डांचे सॉकेट ओटेमूच्या बारीक पिनांपुरतेच असतात, दुसऱ्या कंपनीचा स्विच त्यात जात नाही. आधी विचारून घ्या. पाच पिनांचा स्विच तीनच्या जागी बसवायचा झाला तर प्लॅस्टिकचे दोन पाय कापले की झालं.

बाकी किरकोळ. पीबीटी आणि एबीएस ही प्लॅस्टिकची नावं: पीबीटी कीकॅप लवकर तुकतुकीत होत नाहीत, एबीएस होतात. ‘१९ की अँटी-घोस्टिंग’ (बरीच बटणं एकदम दाबली तरी गोंधळ नाही) हे मेम्ब्रेनवरही छापतात, त्याने काही सिद्ध होत नाही. दिव्यांचे किती रंग आहेत हे विचारणाऱ्याला मी उत्तरच देत नाही. आणि मेकॅनिकल म्हणजे दणकट, असं समजून त्यावर चहा सांडू नका. साखरेचा चहा स्विचमध्ये गेला की तोही चिकटतो.

बजेट दीड हजाराच्या आत असेल तर? मग पाच-सातशेचा साधा, बुटका, बिनदिव्यांचा मेम्ब्रेन घ्या आणि उरलेले पैसे बाजूला ठेवा. ‘फील’वाला घेऊ नका. अक्षर दोन्हीत तळाशीच लागतं, आणि बुटक्यावर निदान मनगट उचलून धरावं लागत नाही.