रात्रपाळी वेगळी, बदली वेगळी

सप्टेंबरात टेक्सासच्या किनाऱ्यावर टील बदकांच्या शिकारीचा मोसम उघडतो, फार तर 16 दिवसांचा. मी जातो ते दुर्बीण घेऊन, पण शेजारच्या बंदूकवाल्यांचं ठरलेलं वाक्य दरवर्षी ऐकतो: "पौर्णिमा आहे, नवीन माल उतरला असणार." पहाटे पाणी रिकामं दिसलं की तेच तोंड म्हणतं, "चंद्राबरोबर निघून गेली." आलीही चंद्राने, गेलीही चंद्राने! (पक्ष्यांना 'माल' म्हणण्याचा मला वेगळा राग आहे, ते असो.)

बदली म्हणजे स्थलांतर. ते तुम्हाला ठाऊकच आहे. निळ्या पंखांची टील दिवस लहान होऊ लागला की निघते, थंडीची वाट बघत नाही. मॅलार्ड बदक मात्र पाणी गोठेपर्यंत रेंगाळतं. निघायची रात्र बहुतेक वाराच ठरवतो. थंड हवेची लाट पुढे सरकली आणि उत्तरेचा वारा पाठीशी आला की सूर्य बुडाल्यावर थवे उठतात. अमावस्येलाही उठतात.

चंद्रामुळे बदलते ती रात्रपाळी, म्हणजे चरायची वेळ, आणि घोळ होतो तो इथेच. लख्ख चांदण्यात बदकं रात्रभर भातखाचरांत चरतात. बंदुकीला परवानगी सूर्योदयाआधी अर्धा तास. तोवर यांची पोटं भरलेली असतात आणि ती मोठ्या पाण्यावर मान पाठीत खुपसून झोपलेली असतात. पक्षी गावातच असतो, फक्त कामावर नसतो. मागे एकदा पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी साडेनऊला सगळे चिडून गाशा गुंडाळून गेले. मी थर्मासातला चहा संपवत बसलो होतो. दहाच्या सुमारास तेरा टील पाण्याला जवळजवळ चाटत आल्या, एक गिरकी घेतली आणि समोरच उतरल्या. बदलीवर निघालेला थवा असा येत नाही. तो उंचावरून, गिरक्या न घेता, सरळ दक्षिणेला जातो. एवढा फरक बघायला दुर्बीणही लागत नाही.

आणि 'चंद्र अर्धा आहे' एवढंच सांगणाऱ्यांशी मी वाद घालणंही सोडलंय. शुक्ल अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, पहाट काळीकुट्ट. वद्य अष्टमीचा तेव्हा कुठे उगवतो आणि पहाटे डोक्यावर असतो. चंद्रकला दाखवणाऱ्या ॲपमध्ये दोघांपुढे तेच 50 टक्के! त्यापेक्षा आपलं कालनिर्णय बरं.

तिकडे महाराष्ट्रात शिकार नाही, पण उजनी जलाशयावरही 'कोजागिरीला बदकं उतरतात' हे चालूच असतं. अहो, ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात येणारच, आणि त्या दिवसांत एखादी पौर्णिमा असणारच. टीलची जवळची नातलग भुवई बदक तर कित्येकदा कोजागिरीच्या आधीच हजर असते. तेव्हा उजनीकाठच्या भिगवणला पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी नावाड्याला पहाटे पाचला उठवू नका. नऊला गेलात तरी थापटे आणि तलवार बदकं तिथेच डुलक्या घेताना सापडतील.