गोंगाटात बुडालेला संकेत आणि जुनी पोर्शे

जर्मनीच्या पोर्शे कंपनीच्या ‘पोर्शे क्लासिक’ विभागाने 2020च्या एप्रिलमध्ये आपल्या जुन्या स्पोर्ट्स कारसाठी रस्ता दाखवणारी दोन नवी उपकरणे बाजारात आणली. एक साठच्या दशकातील पहिल्या 911 या मॉडेलपासून नव्वदच्या दशकातील 993पर्यंतच्या गाड्यांच्या रेडिओच्या खाचेत, म्हणजे सुमारे 180 मिलिमीटर रुंद आणि 50 मिलिमीटर उंच जागेत बसते. दुसरे त्यानंतरच्या 996 आणि पहिल्या बॉक्स्टरसाठी असून त्याला सात इंचांचा स्पर्शपडदा आहे. दर्शनी भाग जुन्या डॅशबोर्डला शोभेल असा, आणि आत उपग्रहांवरून रस्ता दाखवणारी आजची यंत्रणा. अशा बातम्या वाचल्या की एक समजूत हमखास डोके वर काढते, ती म्हणजे उपग्रह गाडीवर नजर ठेवून असतो आणि ती कुठे आहे ते तिला कळवतो, त्यामुळे ज्या गाडीत संगणक नाही तिला तो ओळखणार तरी कसा?

उपग्रह कोणालाही ओळखत नाही. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि ‘मी अमुक क्रमांकाचा, या क्षणी अमुक ठिकाणी आहे, माझ्या घड्याळात इतके वाजले आहेत’ एवढेच सतत सांगत राहतात. ऐकणारे उपकरण संकेत निघाल्याची आणि पोहोचल्याची वेळ ताडून, फरकाला प्रकाशाच्या वेगाने गुणून उपग्रहाचे अंतर काढते. अक्षांश, रेखांश, उंची आणि उपकरणाच्या स्वस्त घड्याळातील चूक अशा चार अज्ञात राशी असल्याने चार उपग्रह लागतात, आणि शाळेतील एकसामयिक समीकरणांचाच हा थोरला भाऊ असल्याने त्यावर अधिक थांबण्याचे कारण नाही. गाडी 1965ची आहे की 2005ची, तिला इंटरनेट आहे की नाही, याचा या गणिताशी संबंध येत नाही. गाडीने फक्त 12 व्होल्टची वीज आणि आकाश दिसेल अशी हातभर जागा द्यायची असते.

खरी नवलाची गोष्ट ‘ऐकण्या’तच आहे. उपग्रहाचा प्रक्षेपक जेमतेम काही दशक वॉटांचा असतो आणि ती शक्ती पृथ्वीच्या अर्ध्या गोलावर पसरते. त्यामुळे गाडीच्या अँटेनापर्यंत पोहोचते ती साधारण एका वॉटच्या दहा हजार लाख कोटींवा भाग एवढीच, म्हणजे दशांश चिन्हानंतर पंधरा शून्ये आणि मग 1. त्याच वेळी अँटेना, तारा आणि परिपथ यांतील इलेक्ट्रॉनांच्या उष्णताजन्य हालचालीमुळे त्याच वारंवारितेच्या पट्ट्यात जो गोंगाट निर्माण होतो, त्याची शक्ती संकेताच्या सुमारे पन्नासपट असते. मोजमापाच्या पडद्यावर पाहिले तर केवळ गोंगाट दिसतो, उपग्रहाचा मागमूसही नसतो. संकेताचे वर्धन करून भागत नाही, कारण वर्धकातून गोंगाटही तितकाच वाढतो.

यावरचा उपाय असा, की प्रत्येक उपग्रहाला धन एक आणि ऋण एक यांची 1023 पदांची एक ठरलेली मालिका दिलेली असते. ती वरवर पाहता नाणे उडवून लिहिल्यासारखी स्वैर भासते, परंतु ती नियमाने तयार केलेली असते, आणि उपग्रह ती दर मिलिसेकंदाला एकदा पुन्हा पुन्हा प्रसारित करतो. या मालिकांना रॉबर्ट गोल्ड या अमेरिकी गणितज्ञाच्या नावाने ‘गोल्ड कोड’ म्हणतात. त्यांची रचना त्यांनी 1967मध्ये मांडली. गाडीतल्या उपकरणाला प्रत्येक उपग्रहाची मालिका आधीच तोंडपाठ असते. आरतीच्या गलक्यात शेजारचा माणूस पुटपुटत असलेला श्लोक आपल्याला पाठ असेल तर तो ओळखू येतो आणि नसेल तर शब्दही कळत नाही, तसाच हा प्रकार आहे.

आता गणित पाहू. संकेताची उंची 1 धरली तर गोंगाटाची सरासरी उंची सुमारे 7 होते, कारण शक्ती उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते आणि पन्नासचे वर्गमूळ सुमारे सात आहे. उपकरण आलेल्या प्रत्येक पदाला आपल्या पाठ मालिकेतील त्याच क्रमांकाच्या पदाने गुणते आणि सर्व गुणाकारांची बेरीज करते. दोन्ही मालिका बरोबर जुळल्या असतील तर धनाला धन आणि ऋणाला ऋण भेटून प्रत्येक गुणाकार 1 येतो, आणि संकेताची बेरीज थेट 1023 होते. गोंगाटाला मात्र ही मालिका ठाऊक नसते. त्याची पदे कधी धन, कधी ऋण येतात, बरीचशी एकमेकांना खाऊन टाकतात, आणि बेरीज 1023 पटींनी न वाढता त्याच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे सुमारे 32 पटींनी वाढते. सात गुणिले बत्तीस म्हणजे 224. जो संकेत सातास एक असा बुडाला होता, तो एका मिलिसेकंदाच्या बेरजेनंतर 224च्या समोर 1023 होऊन उभा राहतो, आणि दहा मिलिसेकंदांची बेरीज घेतली तर आणखी तिप्पट ठळक होतो.

मालिका एका पदाने जरी सरकलेली असेल, तरी हा डोलारा कोसळतो. गोल्ड कोडची मालिका स्वतःच्याच सरकवलेल्या प्रतीशी ताडली तर बेरीज 1023 न येता उणे 1, 63 किंवा उणे 65 यांपैकीच एक येते, आणि दुसऱ्या उपग्रहाच्या मालिकेशी ताडली तरीही हेच तीन आकडे येतात. म्हणूनच सर्व उपग्रह एकाच 1575.42 मेगाहर्ट्झच्या वारंवारितेवर एकाच वेळी बोलू शकतात. शिवाय मालिका किती पदांनी सरकवल्यावर बेरजेचे शिखर सापडले, हेच प्रवासाला लागलेल्या वेळेचे माप ठरते. एक पद सुमारे एक मायक्रोसेकंदाचे, म्हणजे प्रकाशाच्या हिशेबाने 293 मीटरचे असते. त्याचा शंभरावा भाग ओळखता आला की अचूकता तीन मीटरांच्या आसपास येते. हे शिखर मात्र शोधावे लागते, कारण मालिका किती सरकवायची ते ठाऊक नसते आणि उपग्रहाच्या वेगामुळे वारंवारिताही डॉप्लर परिणामाने पाच किलोहर्ट्झपर्यंत वर-खाली झालेली असते. अर्ध्या अर्ध्या पदाने सरकत 2046 जागा आणि वारंवारितेच्या वीसेक पायऱ्या धरल्या, तर एका उपग्रहामागे चाळीस हजारांवर जोड्या तपासाव्या लागतात. नव्वदच्या दशकातील उपकरणे हे काम जवळजवळ एकेक करून करत, आजची चिप हजारो जोड्या एका वेळी तपासते.

गाडीपर्यंत पोहोचणारा संकेत किती क्षीण असतो हे समजले की दोन गोष्टींचे हसू येते. एक, उपग्रहांच्या ‘किरणां’ची भीती; माणसाचे शरीर स्वतःच शंभर वॉटच्या आसपास उष्णता बाहेर टाकत असते. दुसरी, ‘सिग्नल बूस्टर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सोनेरी चकत्या. ज्या वस्तूला वीज नाही, जी कशाला जोडलेली नाही, ती काहीही वाढवू शकत नाही. अँटेनावर चिकटवलेला धातूचा तुकडा झाला तर अडथळाच होतो.

जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये अँटेना कुठे बसवायचा, याचे उत्तरही यातूनच निघते. या लहरींची तरंगलांबी 19 सेंटिमीटर असते, आणि विशिष्ट सिरॅमिक वापरल्याने अँटेना अडीच सेंटिमीटरच्या चौकोनी चकतीत मावतो. ही चकती पोलादी पत्र्याखाली दडवली तर संकेत संपलाच. परंतु तीच पत्र्याच्या वर ठेवली तर तो पत्रा आरशासारखे काम करून अँटेनाला मदत करतो. डॅशबोर्डच्या रेक्झिनसारख्या आवरणाखाली पत्रा नसेल तर चकती तिथे बेमालूम लपते, कारण प्लॅस्टिक, फोम आणि साधी काच यांतून या लहरी सहज जातात. स्पोर्ट्स कारची पुढची काच चांगलीच तिरपी असल्याने आकाशाचा मोठा भाग समोर येतो. कॅब्रिओलेचे कापडी छप्परही आड येत नाही. उष्णता परतवणारा धातूचा पातळ थर असलेली काच मात्र मागाहून बसवली असेल तर घोटाळा होतो. 911चे इंजिन मागे असते, त्यामुळे ठिणगीच्या तारांचा उपद्रव अँटेनापासून दूर राहतो. स्वस्त डॅशकॅम आणि चार्जर यांचा उपद्रव याहून अधिक असतो, आणि ते नेमके अँटेनाच्या शेजारीच लावले जातात.

वीज जोडताना एक बारकावा आहे. जर्मन वायरिंगमध्ये कायम जिवंत असणाऱ्या वाहिनीला 30 आणि चावी फिरवल्यावर जिवंत होणाऱ्या वाहिनीला 15 हा क्रमांक असतो. उपकरणाला 30 क्रमांकाची जोड द्यावी लागते, कारण उपग्रहांची स्थाने आणि वेळ ते स्मृतीत जपून ठेवते. युरोपात अशा गाड्या हिवाळाभर गॅरेजमध्ये उभ्या असतात आणि मालक बॅटरी काढून ठेवतात. वसंतात पहिल्यांदा चावी फिरवल्यावर उपकरणाला शोध शून्यापासून घ्यावा लागतो. उपग्रह माहिती पाठवतो ती सेकंदाला 50 बिट या संथ गतीने, त्यामुळे एकेका उपग्रहाची अचूक कक्षा समजायला अर्धे मिनिट आणि सर्व उपग्रहांची ढोबळ यादी मिळायला साडेबारा मिनिटे लागतात. मोबाइल हीच माहिती नेटवर्कवरून उचलतो, म्हणून तो चटकन तयार होतो.

मूळची जुनी यंत्रणाच दुरुस्त करून वापरू, असे म्हणणाऱ्यांना तारखेची अडचण येऊ शकते. या संकेतात आठवड्यांचा क्रमांक दहा बिटांत लिहिलेला असल्याने 1024 आठवड्यांनी तो पुन्हा शून्यावर येतो. 6 जानेवारी 1980पासूनची ही गणना ऑगस्ट 1999 आणि एप्रिल 2019 मध्ये शून्यावर आली, पुढची वेळ नोव्हेंबर 2038 मध्ये येईल. जुनी उपकरणे अशा वेळी सुमारे साडेएकोणीस वर्षे मागची तारीख दाखवू लागतात, स्थान मात्र बहुधा बरोबरच येते.

बोगद्यात यातले काहीच चालत नाही. स्वित्झर्लंडमधील गॉटहार्डच्या 16.9 किलोमीटर लांबीच्या बोगद्यात उपकरणाला चाकांच्या फेऱ्यांवर विसंबावे लागते, म्हणून स्पीडोमीटरकडे जाणारी विद्युत स्पंदनांची तार उपलब्ध असेल तर तीही जोडणे श्रेयस्कर. बोगद्यात फाटे नसल्याने अंतर समजले की पुरते. मालकाने मूळ मापापेक्षा मोठे टायर चढवले असतील तर प्रत्येक स्पंदनामागचे अंतर बदलते, परंतु उघड्या रस्त्यावर काही किलोमीटर धावल्यावर उपकरण उपग्रहांशी ताडून हा गुणक स्वतःच सुधारून घेते.