खुराडं बंद, हवा मोकळी

परसात पाच-सहा कोंबड्या पाळायच्या ठरल्या की खुराड्याचा आराखडा आखताना सगळं लक्ष चोरांकडे जातं. मुंगूस, मांजर, कुत्रं, घूस, साप. भीती रास्त आहे. कोंबडीला अंधारात फारसं दिसत नाही, त्यामुळे झोपायच्या दांड्यावर बसलेली कोंबडी रात्री पळूही शकत नाही. पण हा प्रश्न बांधतानाच सोडवता येतो. रोज पुरून उरणारी कामं येतात ती ओलीतून: वास, माशा, आजार, घाण अंडी, सततची झाडलोट. कमी कष्टाचं खुराडं हवं असेल तर ते आधी कोरडं राहिलं पाहिजे.

तरी आधी जाळीचं उरकून घेऊ. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबड्या कोंडायला पुरते; कुत्र्याच्या दातांपुढे ती टिकत नाही आणि लहान उंदीर तिच्या भोकांतून सरळ आत शिरतात. चारी बाजूंना साधारण १२ मिलिमीटर चौकटीची, जस्ताचा मुलामा दिलेली वेल्डमेश, म्हणजे तारा एकमेकींना सांधलेली ताठ जाळी, लावावी. तिचाच अर्धा मीटरभर रुंद पट्टा भिंतीच्या पायथ्यापासून बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा अंथरून मातीने झाकावा. उकरणारं जनावर भिंतीला चिकटूनच उकरायला लागतं आणि जाळीवर अडतं. दोन पावलं मागे सरून सुरुवात करावी, हे त्याला सहसा सुचत नाही. निजायची खोलीच नव्हे, दिवसा फिरायचं अंगणही असंच बंदिस्त केलं की दोहोंमधलं दार रात्रंदिवस उघडं ठेवता येतं. रोज तिन्हीसांजेला दार लावायचं आणि पहाटे उघडायचं, हे काम कायमचं जातं. माझ्या मते बंदिस्त अंगणाचा सर्वात मोठा फायदा हाच.

अंगणावरही जाळीऐवजी पक्कं छप्पर असावं. पाऊस आत येत नाही, शिवाय रानपक्ष्यांची विष्ठा वरून पडत नाही. बर्ड फ्लूचा विषाणू जंगली पाणपक्ष्यांच्या विष्ठेतून पसरतो, हे लक्षात घेतलं तर छपरावरचा खर्च जड वाटणार नाही. छपराच्या कडा भिंतीपुढे चांगल्या हातभर काढाव्यात आणि आतली जमीन बाहेरच्यापेक्षा थोडी उंच ठेवावी.

पाऊस अडवला तरी पाणी आतूनच येत राहतं. एक अंडी देणारी कोंबडी दिवसाला शंभर ग्रॅमहून अधिक विष्ठा टाकते आणि तिच्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असतं. म्हणजे सहा कोंबड्यांमागे रोज जवळपास अर्धा लिटर पाणी, आणि उच्छ्वासातली वाफ वेगळीच. पक्षी शरीरातला नको असलेला नायट्रोजन युरिक आम्लाच्या रूपात बाहेर टाकतात. विष्ठेवरचा पांढरा थर तो हाच. हे आम्ल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. बंद अंड्यात वाढणाऱ्या पिल्लाला ही सोय फार मोलाची, कारण टाकाऊ द्रव्य विरघळून त्याच्या अंगाशी येत नाही. कोरडं असेपर्यंत युरिक आम्ल निरुपद्रवी असतं. ओल आणि ऊब मिळाली की जिवाणू त्याचं विघटन करतात आणि अमोनिया सुटतो. हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे पंचवीसहून जास्त भाग झाले तर कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात आणि श्वासनलिकेतली जंतू बाहेर लोटणारी सूक्ष्म केसांची झालर निकामी होऊ लागते. आपलं नाक या वासाला लवकर सरावतं, म्हणून परीक्षा घ्यायची ती पहाटे, आत शिरल्या शिरल्या, कोंबडीच्या उंचीवर खाली वाकून.

ओल बाहेर काढायचं काम हवेचं. कोंबडीच्या शरीराचं तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. तिच्या अंगाला तापलेली दमट हवा वर चढते. छपराखाली, दांड्यावर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर, समोरासमोर रुंद फटी ठेवून त्यांना जाळी लावली की ती हवा आपोआप निघून जाते. थंडी पडली की माणसं दयेपोटी या फटी बुजवतात आणि घोटाळा करतात. कोरडी थंडी पिसं सहज सोसतात. दमट हवेत मात्र तुऱ्याला हिमदंश होण्याचा धोका वाढतो. उन्हाळ्यात तर फटी हव्यातच. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात, ती धापा टाकून अंग निववते, आणि दमट हवेत धापांचा उपयोग होत नाही.

जमिनीवर गादी करावी: रंधा मारताना निघणारा जाडसर भुसा, वाळका पाचोळा, चिरलेलं गवत, सुरुवातीला वीतभर. विष्ठेत नायट्रोजन भरपूर, या वाळक्या मालात कार्बन भरपूर; दोन्ही मिसळले की जिवाणू तो नायट्रोजन स्वतःच्या वाढीसाठी वापरतात आणि अमोनियाचं प्रमाण घटतं. ढवळायचं काम आपलं नाही. मूठभर दाणे गादीवर फेकले की कोंबड्या दिवसभर उकरत बसतात. गादीतला माल मूठभर घेऊन दाबून पाहावा: गोळा झाला तर ओल जास्त, वाळकी भर घालावी. आतडी पोखरणाऱ्या कॉक्सिडिया या सूक्ष्म परजीवीच्या बीजकोशांनाही पिकायला ओल लागते, म्हणजे कोरडी गादी एकाच वेळी दोन उपद्रव आवरते. याचसाठी पाण्याचं पसरट भांडं आत ठेवू नये. निपलच्या नळ्या लावाव्यात, चोच लागली तरच थेंब पडतो.

दांडे अंड्यांच्या खोक्यांपेक्षा उंच हवेत. रानकोंबड्या झाडावर झोपतात, त्यांचे वंशजही मिळेल त्या सर्वात उंच जागी बसतात; ती जागा खोकी असली तर अंडी रोज विष्ठेत लडबडतात. दांड्याखाली एक गुळगुळीत फळी बसवली की रात्रीची विष्ठा तिच्यावर साचते, आणि सकाळी खरवडून टाकायला दोन मिनिटं पुरतात.

दांडा भिंतीला कायमचा ठोकू नका. खोबणीत टेकवा, म्हणजे उचलून बाहेर काढता येईल. लाल माइट नावाचा बारीक परजीवी दिवसभर सांध्यांत दडून बसतो, रात्री कोंबडीचं रक्त पितो आणि काही खायला न मिळताही कित्येक महिने तग धरतो. सांधे जितके कमी, तितक्या त्याच्या लपायच्या जागा कमी. संशय आला तर रात्री टॉर्च घेऊन दांड्याच्या टोकांखालून पांढरा कागद दाबून फिरवावा. कागदावर लाल रेघोट्या उमटल्या, तर दुसऱ्या दिवशी सगळे दांडे उचलून बाहेर आणायचे आणि खोबणीसकट उकळत्या पाण्याने धुवायचे.